बारीक होण्याच्या गोळीचा इतिहास

गेल्या महिन्यात भाचीने मोबाईल पुढे केला. "खाला, ही गोळी मागवू का?" स्थळाकडच्या बायका "मुलगी छान आहे, पण जरा जाड" असे म्हणून गेल्या होत्या. गोळी 'हर्बल' होती, पण आत काय आहे ते कुठेच लिहिलेले नव्हते. मी शिक्षिका. रागावण्याऐवजी तिला इतिहास सांगितला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन वापरत. ते हाताळणारे कामगार घामाने निथळत, वाळत जात. काही दगावलेही. १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हेच रसायन वजन घटवते असे जाहीर केले आणि ते हजारो लोकांच्या घरात पोहोचले.

वजन खरोखर उतरत होते. अन्नातून मिळणारी ऊर्जा शरीराच्या कामी न येता उष्णता होऊन निघून जाई. म्हणून चरबी जळे, आणि म्हणूनच मात्रा जास्त झाली की ताप जीव घेई. यावर उतारा आजही नाही. पुढे तरुण स्त्रियांना मोतीबिंदू होऊ लागले. पण विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचे सिद्ध करायला लावणारा कायदाच तेव्हा नव्हता. तो १९३८ साली आला, तेव्हा कुठे ही विक्री थांबली.

कायदा आल्यावरही सावध राहावे लागलेच. हृदयाच्या झडपा बिघडतात असे दिसल्यावर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन मागे घेतले गेले. सिबुट्रामिनमुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे कळल्यावर भारतानेही २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. तरी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते चोरून मिसळलेले अनेकदा सापडले आहे.

आजची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने या माळेतली नाहीत. त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. तरी मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते. क्वचित पित्ताशयात खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. गरोदरपणात ती घेत नाहीत. लठ्ठपणा हा आजार आहे, त्यावर औषध घेण्यात लाज नाही. पण ते डॉक्टरांनी तपासून द्यावे, आणि त्रास झाला तर लपवू नये.

भाचीने विचारले, "खाला, मोतीबिंदू झालेल्या त्या बायका आजारी होत्या का?"

"बऱ्याचजणी नव्हत्या. फक्त जाड होत्या."

तिने गोळी मागवली नाही. आता प्रश्न आपल्याला आहे. मुलगी बघायला जाणाऱ्या आपण बायका चहा पिता पिता जे सहज बोलून जातो, त्यावरच या गोळ्या खपतात.