पांढऱ्या अस्वलाने मागले उन्हाळे कसे काढले

उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या अस्वलाविषयी हल्ली दोन तऱ्हेची माणसे बोलताना आढळतात. एक म्हणतात, बर्फ वितळत चालले, आता या प्राण्याची घटका भरली. दुसरे म्हणतात, अहो, हा प्राणी काही कालचा नव्हे; पृथ्वी याआधीही तापली होती, तेव्हा तो तगला, तसाच आताही तगेल. पहिला पक्ष बहुधा चित्रे दाखवून बोलतो आणि दुसरा इतिहासाचा हवाला देतो. इतिहासाचा हवाला दिला गेला की तो तपासून पाहणे आम्हांस भागच पडते. आज आम्ही तेवढेच करणार आहोत. दुसऱ्या पक्षाची साक्ष खरी आहे हे आरंभीच मान्य करून टाकतो. ती कितपत पुरेशी आहे, एवढाच प्रश्न उरतो.

साक्षीचा पहिला कागद म्हणजे एक हाड. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील प्रिन्स कार्ल्स फोरलँड या बेटावर, पूलेपिंटेन येथे, २००४ साली समुद्रकाठच्या जुन्या थरांत एका अस्वलाचा अर्धा जबडा मिळाला. पांढऱ्या अस्वलाचे जुने अवशेष फारच दुर्मिळ. हे जनावर बर्फावर जगते, बर्फावर मरते आणि त्याची हाडे समुद्राच्या तळाशी जातात. म्हणून या जबड्याचे मोल मोठे. थरांच्या वयावरून तो १,१०,००० ते १,३०,००० वर्षांपूर्वीचा ठरला. याचा अर्थ असा की, आजपासून सुमारे १,३०,००० ते १,१५,००० वर्षांपूर्वी दोन हिमयुगांच्या मधे जो उष्ण काळ येऊन गेला, तो या जातीने पाहिलेला आहे. तेव्हा ध्रुवप्रदेशाचे उन्हाळे आजच्याहून चारपाच अंशांनी उष्ण होते आणि समुद्राची पातळी आजच्याहून सहा ते नऊ मीटर वर होती.

ध्रुवप्रदेश एकेकाळी उबदार होता, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात भूगर्भशास्त्रज्ञांच्या याच सिद्धान्ताचा आधार घेतला होता. वेदकालीन आर्यांचे मूलस्थान ध्रुवापाशी होते हा त्यांचा निष्कर्ष आजचे इतिहासकार मानीत नाहीत. पण हिमयुगे आली आणि गेली, त्यांच्या मधल्या काळात उत्तरेचे हवामान सौम्य झाले होते, हा जो पाया त्यांनी धरला तो भूगर्भशास्त्रात पक्काच ठरला आहे. असो.

तेव्हा ‘तगले’ हे सिद्ध झाले. आता कसे तगले, हे विचारले पाहिजे. कारण इतिहासात ‘तगणे’ या एका शब्दाखाली पुष्कळ निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात. एखादे राज्य तगले म्हणतात तेव्हा कधी ते सगळेच्या सगळे शाबूत असते, तर कधी एका डोंगरी किल्ल्यापुरते उरलेले असते.

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यालगत ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ ही तीन बेटे आहेत. तेथे आज तपकिरी अस्वले राहतात. दिसायला, वागायला, खाण्यापिण्याला अस्सल तपकिरी. परंतु त्यांच्या रक्ताची परीक्षा झाली तेव्हा विलक्षण प्रकार दिसून आला. आईकडून मुलाबाळांकडे जाणारे जे आनुवंशिक द्रव्य असते, ते या अस्वलांत पांढऱ्या अस्वलाच्या वंशाला अगदी जवळचे निघाले. २०१३ साली शास्त्रज्ञांनी याचा जो उलगडा केला तो असा : शेवटचे हिमयुग ओसरू लागले, बर्फ उत्तरेकडे सरकले, आणि काही पांढरी अस्वले या बेटांवर मागे राहिली. पुढे मुख्य भूमीवरून तपकिरी नर पोहत येऊ लागले. पिढ्यामागून पिढ्या त्यांचा संकर होत गेला आणि पांढऱ्यांची ती वस्ती हळूहळू तपकिरी होऊन गेली. पांढऱ्या आज्यांची खूण तेवढी नातवंडांच्या पेशीत उरली. ही वस्ती मेली नाही, हे खरे. पण ती पांढऱ्या अस्वलांची वस्तीही राहिली नाही. आयर्लंडमधील नामशेष झालेल्या तपकिरी अस्वलांच्या जुन्या हाडांतही अशाच मातृवंशाची खूण सापडली आहे.

म्हणजे मागल्या उष्ण काळांत या जातीचे एकच एक नशीब नव्हते. जेथे बर्फ टिकले तेथे ती टिकली, जेथे बर्फ गेले तेथे ती मेली किंवा दुसऱ्या जातीत विरून गेली. आणि हे सारे घडायला हजारो वर्षांची सवड होती.

या सवडीचे महत्त्व कळण्यासाठी पांढरे अस्वल काय चीज आहे हे थोडक्यात पाहू. तपकिरी अस्वलापासून याचा वंश कधी फुटला याविषयी पंडितांत एकमत नाही. काही लाख वर्षे तरी झाली असावीत असे बहुतेकांचे मत. तेवढ्या काळात याने आपला सगळा संसार एका पदार्थावर बेतला, तो म्हणजे सीलची चरबी. धष्टपुष्ट मादीच्या वजनात निम्म्यापर्यंत चरबी असू शकते, आणि तिच्या दुधातही चरबीचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात जाते. आपल्याकडे एवढ्या चरबीने माणसाचे हृदय चार दिवस चालायचे नाही. या अस्वलाच्या रक्तातील चरबी वाहून नेणाऱ्या जनुकातच तसा फरक झालेला आहे, असे २०१४ साली दिसून आले. पण ही चरबी मिळवायची कोठे? सील पोहण्यात अस्वलाच्या हाती लागत नाही. श्वास घेण्यासाठी तो बर्फातल्या भोकाशी वर येतो आणि अस्वल तेथे तासन् तास दबा धरून बसते. वसंतात सीलची पिल्ले बर्फावर असतात. ती या अस्वलाची सुगी. त्या सुगीच्या चार दाण्यांवर वर्ष काढायचे. आमच्या कोकणातल्या कुळाला पावसाचे जे, तेच या प्राण्याला बर्फाचे : बर्फ हे त्याचे शेत आहे.

आता माणसाकडे वळू. ध्रुवाकाठच्या इन्युइट लोकांना हे जनावर फार पूर्वीपासून ठाऊक; ते त्याला नानुक म्हणतात. यूरोपच्या दरबारांत ते नजराणा म्हणून येई. नॉर्वेच्या राजाने पाठविलेले एक पांढरे अस्वल इंग्लंडचा तिसरा हेन्री १२५२ साली लंडनच्या किल्ल्यात बाळगून होता, आणि लांब दोरी बांधून त्याला थेम्स नदीत मासे धरायला सोडीत. १५९६ साली बॅरेंट्सच्या डच खलाशांनी एक अस्वल मारले, त्यावरून त्या बेटाला अस्वलबेट हे नाव पडले. १७७४ साली फिप्स या इंग्रज कप्तानाने ही स्वतंत्र जात असल्याचे शास्त्रीय नोंदीत आणले. तोवर ठीक होते. पुढे बंदूक सुधारली, कातड्याला भाव आला आणि कत्तलीला सुरुवात झाली. स्वालबार्डचे शिकारी एका लाकडी पेटीत बंदूक बसवीत, आमिषाची दोरी चापाला बांधीत आणि निघून जात; अस्वल आमिष ओढी आणि आपल्याच हाताने मरे. आई मेली की मागून येणारी पिल्ले उघडी पडत. हेन्री रुडी नावाच्या एका नॉर्वेजियन शिकाऱ्याच्या नावावर ७१३ अस्वले मांडलेली आहेत. अलास्कात तर हौशी धनिक विमानांतून शिकारीला जात.

यावर उपाय झाला आणि तो राजकारणाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे. सोव्हिएत रशियाने १९५६ साली शिकार बंद केली. १९६५ साली अलास्कातील फेअरबँक्स येथे पाच देशांचे शास्त्रज्ञ एकत्र बसले. शीतयुद्धाचे ते दिवस. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे देश एका अस्वलापायी एका मेजाशी आले. १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ऑस्लो येथे कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत रशिया आणि अमेरिका यांच्यात करार झाला. विमाने व मोठी यांत्रिक जहाजे यांवरून होणारी शिकार बंद झाली. स्थानिक लोकांचा परंपरागत हक्क तेवढा राखला गेला. प्राण्याच्या वसतिस्थानाचे रक्षण करावे असेही कलम त्यात आहे. त्यात उल्लेख आहे तो पिलावळीच्या गुहांचा, अन्न मिळण्याच्या जागांचा आणि येण्याजाण्याच्या वाटांचा. त्या जागांखालचे बर्फच निघून गेले तर काय, हा प्रश्न त्या कागदावर नाही. करार करणाऱ्या देशांनी हवामानातील बदल हाच दूरच्या काळातला सर्वांत मोठा धोका असे जाहीर केले, ते २००९ साली ट्रॉम्सो येथे.

आता ज्या ठिकाणी सर्वांत अधिक घोटाळा होतो तेथे आम्ही आलो. १९६० च्या दशकात जगात पाच हजार अस्वले होती आणि आज सव्वीस हजार आहेत, मग उष्म्याने बिघडले काय, असे विचारण्यात येते. यातला आजचा आकडा २०१५ चा आहे. तोही २२,००० ते ३१,००० या पल्ल्यातील अंदाज होय. पाच हजारांचा आकडा तर मोजदादीचा नव्हेच. त्या काळी कोणापाशी तसे साधन नव्हते. एक कच्चा अंदाज आणि एक बरा अंदाज यांची वजाबाकी करून इतिहास लिहिता येत नाही. तरी बंदूक थांबल्यावर कित्येक ठिकाणी अस्वले वाढली हे खरेच आहे. पण ती वाढ बंदुकीच्या खात्यावरची आहे, उष्म्याच्या नव्हे. एका सावकाराचे देणे फिटले म्हणून दुसऱ्याचेही फिटले, असे म्हणता येईल काय? १९७९ पासून उपग्रह सागरी बर्फ मोजतात. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होते. २०१२ च्या सप्टेंबरात ३४ लाखांवर आले. अस्वलाची एक पिढी साडेअकरा वर्षांची धरतात. मागला उष्ण काळ शेकडो पिढ्यांच्या अंगवळणी पडत गेला; हा बदल तीन पिढ्यांतला आहे.

जेथे मोजदाद सर्वांत जुनी आणि चोख आहे तेथे काय दिसते? कॅनडाच्या हडसन उपसागराचे बर्फ दर उन्हाळ्यात पूर्ण वितळते आणि अस्वले चर्चिल गावाच्या आसपास किनाऱ्यावर उतरतात. गाभण मादी तर आठ महिने काही न खाता काढते. इयान स्टर्लिंग या शास्त्रज्ञाने येथे दशकानुदशके काम केले; २०२४ साली ते वारले. बर्फ लवकर फुटते त्या वर्षी अस्वले हडकुळी उतरतात, हा संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडला. आता उपासाचा काळ तीन ते चार आठवड्यांनी लांबला आहे. पश्चिम हडसनच्या किनाऱ्यावर १९८७ साली सुमारे १,२०० अस्वले होती, २०२१ च्या हवाई पाहणीत ६१८ भरली. काही शेजारच्या टापूत गेली असतील, हे पाहणी करणारेच सांगतात. जमिनीवर दुसरे काही खाऊन भागेल, अशी आशा होती. २० अस्वलांच्या गळ्यांत कॅमेरे बांधून पाहिले, त्याचा अहवाल २०२४ साली आला : कोणी गवत खाल्ले, कोणी बोरे, कोणी पक्षी, कोणी नुसते पडून राहिले; १९ अस्वलांचे वजन घटले.

पण सर्वत्र हीच कथा नाही आणि तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. चुकची समुद्रातील अस्वले बर्फ घटूनही धडधाकट आढळली. स्वालबार्डमध्ये ती रेनडियर मारू लागली आहेत, पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी फस्त करू लागली आहेत. याच स्वालबार्डमध्ये नी-आलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातील वास्कोहून चालतो, आणि तेथे वस्तीबाहेर पाऊल टाकणाऱ्याला अस्वलाच्या भयाने बंदूक बरोबर न्यावी लागते. तथापि त्याच द्वीपसमूहातील अस्वलांचे आनुवंशिक वैविध्य १९९५ ते २०१६ या वीसएक वर्षांत ३ ते १० टक्क्यांनी घटले, कारण टापूटापूंना जोडणारा बर्फाचा पूल तुटत चालला आहे. तपकिरी अस्वलाशी संकर होऊन जात वाचेल असेही काहीजण म्हणतात. २००६ साली कॅनडाच्या बँक्स बेटावर असा एक संकर मारला गेला तेव्हा मोठा बोलबाला झाला. पुढे तपास लागला तो असा की, तेथवर आढळलेले सर्व संकर एकाच पांढऱ्या मादीचे वंशज होते.

सर्वांत नवलाची वस्ती २०२२ साली जाहीर झाली. ग्रीनलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, उंच कडे आणि चिंचोळ्या खाड्या यांच्या आड, काही शेकडा अस्वले सुमारे दोनशे वर्षे जगापासून अलग राहिली आहेत. तेथे वर्षातले अडीचशेहून अधिक दिवस सागरी बर्फ नसते. इतका उपास कोणत्याही अस्वलाला सोसणारा नाही. पण हिमनद्या थेट समुद्रात उतरतात, त्यांचे गोड्या पाण्याचे बर्फ फुटून खाडीच्या तोंडाशी साचते, आणि त्या तुकड्यांवर उभी राहून ही अस्वले वर्षभर सील मारतात. मागल्या उष्ण काळांत ही जात कोठे दडून राहिली असेल, याचे चित्र येथे डोळ्यांसमोर येते. तेथल्या माद्या मात्र इतर ठिकाणांहून लहान चणीच्या आहेत आणि त्यांना पिल्लेही कमी होतात. असे हिमनद्यांचे बर्फ ग्रीनलंडच्या काही भागांत आहे, स्वालबार्डमध्ये आहे. हडसन उपसागराला मिळणारी एकही हिमनदी नाही.