कुत्र्याच्या जातीची निवड

कुत्र्याच्या जातीची निवड म्हणजे घरी पाळण्यासाठी कुत्रा आणताना तो कोणत्या जातीचा असावा, याविषयी कुटुंबाने घ्यावयाचा निर्णय होय. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांपुढे हा प्रश्न असतोच. परंतु आधीचा कुत्रा वारल्यानंतर दुसरा आणू पाहणाऱ्यांची द्विधा मनःस्थिती अनेकदा अधिक तीव्र असते. पूर्वीचीच जात पुन्हा आणावी, की अगदी निराळी, की जातीचा विचार सोडून गावठी पिल्लू घ्यावे, अशा तीन वाटा त्यांच्यासमोर असतात.

पाळीव कुत्रा साधारणतः दहा ते पंधरा वर्षे जगतो, त्यामुळे हा निर्णय दीर्घकाळ निभवावा लागतो. निवड चुकली तर तिची झळ माणसापेक्षा प्राण्यालाच जास्त लागते. न झेपणारा कुत्रा दिवसभर बांधून ठेवला जातो, एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो किंवा रस्त्यावर सोडून दिला जातो. जातीवरून कुत्र्याचा आकार, केसांची ठेवण आणि संभाव्य आजार यांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. स्वभावाचा अंदाज मात्र लोकसमजुतीपेक्षा फारच कमी येतो, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे.

जात या संकल्पनेचा उगम

कामानुसार कुत्र्यांचे प्रकार पाडण्याची पद्धत प्राचीन आहे. वंशावळ, नोंदवही आणि ठरावीक शारीरिक मानक असलेली आधुनिक ‘जात’ मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये घडली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ साली पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. संघटित श्वानप्रदर्शनांची सुरुवात सामान्यतः तेथून मानली जाते. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. १९११ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ साडेतीनशेच्या आसपास जाती मानतो आणि त्यांची दहा गटांत विभागणी करतो.

प्रदर्शनात गुण मिळतात ते प्रामुख्याने बाह्यरूपाला. त्यामुळे गेल्या दीड शतकात पैदाशीचा भर कामाकडून रूपाकडे सरकला. तरीही मूळ कामाचा ठसा पुरता पुसला गेलेला नाही. बीगल हा वासावरून सशाचा माग काढणारा कुत्रा. नाक जमिनीला लागले की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही, शिवाय त्याचा लांबलचक आवाज चाळीत किंवा सदनिकांच्या इमारतीत चार मजले ऐकू जातो. बॉर्डर कॉली मेंढ्या वळवण्यासाठी घडवलेली जात आहे. तिला काम मिळाले नाही, तर ती मुले, सायकली आणि मोटारी वळवू लागते. जर्मन शेफर्डच्या जातिसंघाची स्थापना १८९९ साली जर्मनीत झाली, तीही मेंढपाळीसाठी उपयोगी पडेल असा आज्ञाधारक कुत्रा घडवण्याच्या हेतूने. पोलीस व लष्करातील वापर हा त्यानंतरचा.

जात आणि स्वभाव

‘लॅब्राडॉर प्रेमळ, डॉबरमन रागीट, पामेरियन चिडका’ अशी विभागणी लोकांच्या बोलण्यात पक्की झालेली आहे. निवडीतील बहुतेक ओढाताण याच विशेषणांभोवती फिरते, म्हणून त्यांत तथ्य किती हे पाहणे आवश्यक ठरते.

या विषयावरील पहिला मोठा अभ्यास अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी केला. बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि वायर-हेअर्ड फॉक्स टेरियर या पाच जातींची पिल्ले एकसारख्या परिस्थितीत वाढवून त्यांची तुलना करण्यात आली. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. जातीजातींत काही फरक त्यांना आढळले. त्याबरोबरच एकाच जातीतील कुत्र्यांमध्येही स्वभावाची विविधता मोठी असल्याचे दिसून आले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा ठरला. पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा काळ माणसांशी व इतर प्राण्यांशी नाते जुळण्यासाठी निर्णायक असतो. या आठवड्यांत एकाकी राहिलेले पिल्लू कितीही उत्तम वंशावळीचे असले तरी पुढे भित्रे होण्याची शक्यता वाढते.

२०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती मिळवण्यात आली आणि त्यांपैकी २,००० हून अधिक कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी झाली. एकेका कुत्र्याच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ९ टक्केच फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असे त्यातून निष्पन्न झाले. माणसाच्या सूचना मानण्याची वृत्ती जातीशी तुलनेने अधिक निगडित आढळली. त्रासदायक किंवा भीतिदायक प्रसंगी कुत्रा किती चटकन अंगावर येतो, हे मात्र जातीवरून जवळजवळ ओळखता येत नाही, असे दिसले. यावरून जात निरर्थक आहे असा अर्थ कोणी काढू नये. बॉर्डर कॉलींच्या शंभर पिल्लांत आज्ञाधारक पिल्ले जास्त निघतील, हे खरेच. परंतु घरी येणारे पिल्लू शंभर नसून एकच असते.

पिल्लांच्या स्वभावचाचणीवरही अनेकांचा भरवसा असतो. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील संशोधकांनी बॉर्डर कॉलीच्या पिल्लांची जन्मानंतर लगेच, पुन्हा सहा-सात आठवड्यांची असताना आणि नंतर मोठेपणी चाचणी घेतली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवी जागा हुंगून-फिरून पाहण्याची हौस वगळता लहानपणीच्या चाचणीचा मोठेपणीच्या वागण्याशी फारसा मेळ बसला नाही. पिल्लाची आई कशी वागते हे प्रत्यक्ष पाहणे त्यामानाने उपयुक्त समजले जाते.

आरोग्य

जातीचा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो शरीरावर. तरीही निवड करताना याच अंगाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत कवटी आखूड झाली, पण घशातील मऊ ऊती त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत. परिणामी श्वासमार्ग अरुंद राहतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. ज्याला श्वासच नीट घेता येत नाही, त्याला विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा जीवघेणा ठरू शकतो. अशा कुत्र्याचे घोरणे अनेकांना गोड वाटते. पशुवैद्यकाच्या दृष्टीने ते आजाराचे लक्षण असते. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची प्रचलित पद्धतीने होणारी पैदास त्या देशाच्या प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली.

लॅब्राडॉर भारतातील शहरांत सर्वाधिक पसंतीच्या जातींपैकी एक आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, भूक नियंत्रित करणाऱ्या एका जनुकाचा काही भाग सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरांमध्ये गळालेला असतो. अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव पुरेशी होत नाही. ‘आमच्या कुत्र्याला खाण्याचा भारी सोस’ ही कौतुकाची तक्रार त्यामुळे अनेक घरांत ऐकू येते. वाढत्या वजनाचा भार याच जातीत आढळणाऱ्या खुब्याच्या व कोपराच्या सांध्यांच्या विकारांत भर घालतो. डॉबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूंचा आजार, गोल्डन रिट्रीव्हरमध्ये कर्करोग आणि डाल्मेशियनमध्ये बहिरेपणा व मूत्राशयातील खडे यांचे प्रमाण लक्षणीय आहे. सायबेरियन हस्कीची दुहेरी लव बर्फाळ प्रदेशासाठी आहे. मुंबईच्या दमट हवेत या जातीला वर्षभर वातानुकूलित खोली लागते आणि हा खर्च पिल्लू विकताना क्वचितच सांगितला जातो.

आयुर्मानाचा संबंध आकाराशी आहे. ग्रेट डेनसारखे प्रचंड कुत्रे बहुधा आठ-दहा वर्षांत संपतात, तर लहान जाती चौदा-पंधरा वर्षे गाठतात. ब्रिटनमधील पावणेसहा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित २०२४ च्या अभ्यासात आयुर्मानाचे मध्यमूल्य १२.५ वर्षे आले. फ्रेंच बुलडॉगचे ते दहा वर्षांहूनही कमी होते. संकरित कुत्रा हमखास अधिक जगतो, या सार्वत्रिक समजुतीला या अभ्यासाने दुजोरा दिला नाही.

लोकप्रियतेचा प्रभाव

आपण सर्व बाजूंनी विचार करून जात निवडली, असे मालकाला वाटत असले तरी निवडीमागे अनेकदा केवळ अनुकरण असते. अमेरिकेतील नोंदींच्या अभ्यासातून असे दिसले आहे की, एखाद्या जातीची लोकप्रियता तिच्या आरोग्यावर, दीर्घायुष्यावर किंवा सुस्वभावावर अवलंबून नसते. चित्रपटात झळकलेल्या जातीची मागणी पुढे दहा वर्षांपर्यंत चढी राहू शकते. तेथे सलग ३१ वर्षे पहिल्या स्थानी असलेल्या लॅब्राडॉरला २०२२ च्या नोंदींत फ्रेंच बुलडॉगने मागे टाकले, आणि ही जात वर सांगितल्याप्रमाणे अल्पायुषी आहे.

भारतातही हेच घडले. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटातील टफी हा पांढरा कुत्रा भारतीय स्पिट्झ होता. या जातीला महाराष्ट्रात सर्रास ‘पामेरियन’ म्हटले जाते. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागून चालणारा पग घरोघरी पोहोचला आणि पगच्या पिल्लांची मागणी झपाट्याने वाढली. मागणी वाढली की घाईची, जवळच्या नात्यातील पैदास होते आणि जातीचे मूळ दोष बळावतात.

आधीच्या कुत्र्याची छाया

दुसऱ्यांदा कुत्रा आणणाऱ्यांच्या मनात तुलना अटळ असते. त्याच जातीचे, त्याच रंगाचे पिल्लू आणले, तर नकळत जुन्याच कुत्र्याची अपेक्षा त्याच्यावर लादली जाते. आणखी एक विस्मरण येथे घडते. कुटुंबाच्या आठवणीत असतो तो शेवटच्या वर्षांतला शांत, सवयींचा, घरात मुरलेला कुत्रा. चपला कुरतडणारे आणि रात्री रडणारे पिल्लू दहा-बारा वर्षांच्या अंतराने विसरले गेलेले असते. मधल्या काळात माणसांचीही वये वाढलेली असतात. पन्नाशीत सहज आवरलेला तीस-पस्तीस किलोंचा लॅब्राडॉर पासष्टीत साखळीला हिसका देऊन पाडू शकतो. म्हणून जुनीच जात पुन्हा आणताना घर जुने राहिलेले नाही, हे ध्यानात घ्यावे लागते.

तोच कुत्रा परत मिळवण्याचा टोकाचा प्रयत्न म्हणजे कृत्रिम प्रतिरूप. २००५ साली दक्षिण कोरियातील सोल येथे ‘स्नपी’ हा अफगाण हाउंड जातीचा जगातील पहिला प्रतिरूप कुत्रा जन्मला. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी आपल्या मृत कुत्रीची दोन प्रतिरूपे करवून घेतल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. त्या दोघींचे स्वभाव भिन्न असल्याचेही त्यांनीच सांगितले. जनुके तंतोतंत सारखी असूनही जे साधले नाही, ते केवळ जात सारखी ठेवून साधेल अशी आशा धरता येत नाही.

देशी जाती आणि गावठी कुत्रा

दख्खनच्या पठारावरील कारवान हाउंड ही सडपातळ, लांब पायांची, नजरेने शिकार हेरून धावणारी जात आहे. ग्रामीण महाराष्ट्रात तिला ‘कारवानी’ आणि लांब केसांच्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात. आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ संस्थानाच्या मराठा घोरपडे राजघराण्याने तिच्या संवर्धनाला आश्रय दिला. ‘मुधोळ हाउंड’ हे नाव त्यावरून रूढ झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडबरोबर राजापालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग यांचा समावेश होता.

देशी जात म्हणजे कोणत्याही घराला सोयीची जात, असा अर्थ मात्र होत नाही. कारवानीला उष्ण हवा मानवते, केसांची निगा फारशी लागत नाही. पण तिला रोज मोकळ्या रानात सुसाट पळायला लागते. ती परक्यांशी अलिप्त राहते आणि मांजर किंवा ससा दिसताच पाठलागावर जाते. दोन खोल्यांच्या घरात तिची कुचंबणा होते.

गावठी कुत्रा येथील हवामानात हजारो वर्षे टिकून राहिला आहे. आखूड केस, मध्यम बांधा आणि माणसांच्या वस्तीची उपजत जाण हे त्याचे गुण. पिल्लू पूर्ण वाढल्यावर केवढे होईल हे आधी सांगता येत नाही, ही अडचण पुष्कळदा पुढे केली जाते. आश्रयगृहातून प्रौढ कुत्रा घेतल्यास ती उरत नाही. प्रौढ कुत्र्याचा आकार आणि स्वभाव, दोन्ही डोळ्यांसमोर असतात. जातीच्या पुस्तकी वर्णनातून जे मिळत नाही ते दोन-चार भेटींत कळू शकते. ज्येष्ठ नागरिकांसाठी हा पर्याय विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

भारतातील कायदेशीर बाजू

श्वानपैदास व विक्री नियम, २०१७ नुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. जात कोणतीही असो, अनेक महानगरपालिकांच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचा दाखला मागितला जातो. गृहनिर्माण संस्थेला कुत्र्याची जात किंवा आकार यांवरून सभासदाला मनाई करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.