‘प्लॉट’: शहरातला आणि डोंगरावरचा

मुंबई-पुण्याच्या वाचकास ‘प्लॉट’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. शनिवार-रविवारच्या जाहिराती, बँकेच्या कर्जाचे अर्ज, बंगल्याच्या फाटकावरची पाटी, भावाभावांतील वाटणीचे कागद, सर्वत्र तो हजर असतो. ‘गावाकडे एक प्लॉट घेऊन ठेवलाय’ या वाक्यात मध्यमवर्गीयाची अर्धी बचत आणि सगळी म्हातारपणाची सोय सामावलेली असते. हाच शब्द पालघर जिल्ह्यातील जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर कानी पडला, तर मात्र शहरातल्या माणसाने क्षणभर थांबावे. तेथे प्लॉट विकत घेतलेला नसतो आणि विकायचाही नसतो. वनखात्याच्या हद्दीतील डोंगरउतारावर दोन-तीन पिढ्यांनी दगड वेचून, बांध घालून कसलेली नागली-वरईची जमीन म्हणजे प्लॉट. ‘आमचा प्लॉट अजून नावावर नाही’ हे वाक्य या दोन तालुक्यांत आजही ऐकू येते. शब्द इंग्रजी, व्यथा पूर्णपणे येथली.

एकाच शब्दाला इतके निरनिराळे अर्थ कसे चिकटले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

प्लॉट हा इंग्रजीतील फार जुना शब्द. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘जमिनीचा लहानसा तुकडा’ एवढ्याच अर्थाने तो सापडतो. त्याचे मूळ मात्र कोशकारांना लागलेले नाही. त्याचा शेजारी ‘एकर’ हा शब्द घ्या. त्याचे गोत्र लॅटिन, ग्रीक आणि थेट आपल्या संस्कृतातील ‘अज्र’ म्हणजे मोकळे रान, शेत या शब्दापर्यंत जाऊन पोहोचते. प्लॉटला असे गणगोत नाही. जमिनीवर कुठून तरी येऊन बसलेला आणि पुढे कायमचा झालेला हा शब्द आहे. वनखात्याच्या भाषेत सांगायचे तर अतिक्रमणधारक!

सोळाव्या शतकात या शब्दाने जमिनीवरून कागदावर उडी घेतली. जमिनीचा तुकडा मोजून त्याचा नकाशा काढला जाई, त्या नकाशालाही प्लॉट म्हणू लागले. नकाशावरून आराखडा, आराखड्यावरून बेत आणि बेतावरून गुप्त बेत. ‘कट’ हा अर्थ त्याच शतकाच्या अखेरीस रूढ झाला. त्यास फ्रेंचमधील ‘कॉम्प्लॉट’ या कारस्थानवाचक शब्दाच्या उच्चारसाम्याने हातभार लावला असावा, असे कोशकार मानतात. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी लंडनच्या पार्लमेंटखाली दारूगोळ्याची पिंपे सापडली आणि गाय फॉक्स पकडला गेला. त्या प्रकरणाने ‘गनपावडर प्लॉट’ या नावाने हा अर्थ इंग्रजीत पक्का केला. त्याच सुमारास शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. एका ठिकाणी प्लॉट म्हणजे मनातले डावपेच. दुसऱ्या ठिकाणी प्लॉट म्हणजे इतका चिमुकला भूभाग की त्यासाठी लढून मरणाऱ्या सैनिकांना पुरायलाही तो पुरणार नाही.

जमीन आणि कट हे दोन अर्थ आपल्याकडेही एका घटनेत एकत्र आले होते. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लाल बावट्याखाली उठाव केला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. हे तलवाडा आज जव्हारला लागून असलेल्या विक्रमगड तालुक्यात आहे. खोटा निरोप धाडून वारल्यांना तेथे गोळा करण्यात आले आणि दुसरीकडे ते दंगल करणार असल्याची आवई सरकारच्या कानी घालण्यात आली, असे किसान सभेने या घटनेविषयी सांगितले आहे. या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. १० ऑक्टोबर हा दिवस या भागात हुतात्म्यांच्या स्मरणाचा म्हणून आजही पाळला जातो.

प्लॉटचा तिसरा अर्थ कथानक. मराठी नाट्यसमीक्षेने त्यासाठी ‘संविधानक’ असा भारदस्त शब्द एकेकाळी वापरला. पुढे राज्यघटनेच्या ‘संविधाना’शी गल्लत होऊ लागली म्हणून की काय, तो मागे पडला. चित्रपटाविषयी बोलताना आज कोणीही सरळ ‘प्लॉट’च म्हणतो. एलिझाबेथकालीन रंगभूमीवर प्लॉट ही चक्क एक वस्तू होती. कोणते पात्र कोणत्या क्रमाने रंगमंचावर जाणार, याची यादी असलेला कागद पडद्यामागे टांगलेला असे, त्याला प्लॉट म्हणत. असे काही कागद आजही जपलेले आहेत. मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. जगदंबेच्या या उत्सवात रात्रभर मुखवटे घातलेली सोंगे एकामागून एक येतात, संबळाच्या तालावर नाचतात आणि जातात. सलग कथा अशी तेथे नसते, क्रम मात्र असतो, आणि तो कागदावर नव्हे तर जाणत्यांच्या ध्यानात असतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण कागदावर नसलेली पण जाणत्यांच्या ध्यानात असलेली गोष्ट पुरावा म्हणून धरायची की नाही, हाच या दोन तालुक्यांतील प्लॉटचा खरा वाद आहे.

आलेखावर बिंदू मांडणे, जहाजाचा मार्ग नकाशावर आखणे हे क्रियापदाचे अर्थही त्या नकाशाच्याच पोटातून निघालेले आहेत.

मराठीत हा शब्द आला तो जमिनीच्या अर्थानेच, आणि तोही प्रामुख्याने शहरातून. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे आखून दिलेल्या वसाहतींत ‘प्लॉट नंबर’ पत्त्याचा भाग झाला. पुढे औद्योगिक वसाहतींतले प्लॉट आले. ‘भूखंड’ हा प्रतिशब्द सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रुजला. पण ‘भूखंड’ म्हटले की पुढे ‘घोटाळा’ येणार अशी वाचकाला सवय झाली असल्याने साध्या बोलण्यात प्लॉटच टिकला. शेतकऱ्यानेही तो उचलला. नाशिककडे द्राक्षबागेला सर्रास प्लॉट म्हणतात, जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्याचा प्लॉट असतो. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या प्लॉटवर राबायचे आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या प्लॉटवर परतायचे, असा हा दोन अर्थांमधला प्रवास आहे.

डोंगरावरच्या या जमिनीला प्लॉट हे नाव पडले त्यामागे सरकारी कागदच आहे. कोकणपट्टीत पूर्वी जमीन धान्याच्या मापाने ओळखली जाई. मुडा, खंडी हे शब्द त्या हिशेबातले. खाचर म्हणजे बांधाचे भातशेत, वरकस म्हणजे डोंगरावरची हलकी जमीन, हे शब्द तर अजून जिवंत आहेत. मात्र १९४० च्या दशकात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली आणि वनजमिनीचे तुकडे पाडून ते एकेका वर्षाच्या कराराने कसण्यासाठी देण्यात येऊ लागले. ‘साल’ म्हणजे वर्ष, म्हणून ‘एकसाली’. एकसाली प्लॉट हा जोडशब्द ठाणे जिल्ह्याच्या महसुली भाषेत असा शिरला. रायगडात अशा जमिनींना ‘दळी’ म्हणतात, इकडे प्लॉट. करार एका वर्षाचा, कसणे मात्र पिढ्यानपिढ्यांचे. पुढे करारांचे नूतनीकरण थांबले आणि कसणारा कागदोपत्री अतिक्रमक ठरला. जमीन तीच, माणूस तोच, बदलला तो फक्त शब्द.

३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे राज्य शासनाने ठरविले होते. परंतु कामे रेंगाळली आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा आल्यावर केंद्राच्या मंजुरीविना वनजमीन देणे अशक्य झाले. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निकाल दिला आणि केवळ कागदावर अडून न राहता अन्य पुरावाही तपासून दावे ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर आला २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबास कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या म्हणजे सुमारे दहा एकरांच्या मर्यादेत, हक्क मिळावा अशी त्याची तरतूद आहे. दावा प्रथम ग्रामसभेसमोर, मग उपविभागीय समितीकडे, अखेर जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

येथे प्लॉटचे ते दोन जुने अर्थ, जमीन आणि नकाशा, एकमेकांसमोर उभे ठाकतात. जमिनीवर बांध आहे, राब भाजलेल्या जागेची काळी खूण आहे, आंब्याचे झाड आहे, खळे आहे. नकाशावर फक्त वनखात्याचा कंपार्टमेंट क्रमांक. (कंपार्टमेंट म्हणजे शहरातल्या वाचकासाठी लोकलचा डबा, इंग्रजी शब्दांची ही आणखी एक गंमत.) जीपीएस यंत्र घेऊन मोजणी होते तेव्हा उताराची जमीन कागदावर आखडते, कारण नकाशा सपाट असतो आणि नांगर मात्र उतारावरून फिरतो. दावा जेवढ्या क्षेत्राचा, त्याहून मंजुरी कमी क्षेत्राची, ही दावेदारांची जुनी तक्रार आहे. उपग्रह छायाचित्रात नागलीची पडीक टाकलेली जमीन रानासारखीच दिसते. वरकस जमिनीला काही वर्षांनी विश्रांती द्यावी लागते, हे कसणाऱ्याला ठाऊक असते. आकाशातल्या कॅमेऱ्याला नसते.

म्हणूनच वनहक्क नियमांत २०१२ मध्ये झालेली दुरुस्ती महत्त्वाची. उपग्रह छायाचित्रासारखे तंत्रज्ञान दावेदाराच्या पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, त्याच्या जागी नव्हे, असे ती स्पष्टपणे सांगते. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब हाही नियमांनुसार पुरावा आहे. बोहाड्याच्या सोंगांचा क्रम ज्यांच्या ध्यानात असतो, त्याच पिढीच्या ध्यानात कोणत्या बांधाला कोणाच्या आजाने पहिला दगड लावला, हेही असते. अतिक्रमणाबद्दल वनखात्याने फाडलेल्या दंडाच्या पावत्याही लोकांनी जपून ठेवल्या, कारण ‘त्या वर्षी हा माणूस येथे शेती करीत होता’ हे त्याहून स्पष्ट कोण सांगणार? ज्या कागदाने गुन्हेगार ठरविले तोच ताब्याचा साक्षीदार झाला.

तरीही फेटाळलेल्या दाव्यांची टांगती तलवार राहिलीच. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या शेतकरी मोर्चाच्या मागण्यांत वनजमिनीची मागणी अग्रभागी होती. रक्ताळलेल्या पायांची ती छायाचित्रे शहरवासीयांना आठवत असतील. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीस त्यास स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत प्लॉटवरच्या कुटुंबांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना शहरात फारशी कोणी केली नाही. १८ मे २०२० रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अधिसूचना काढली आणि जिल्हास्तरीय समितीने नाकारलेल्या दाव्यावर अनुसूचित क्षेत्रात विभागीय स्तरावर अपील करण्याची सोय झाली. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात.

जव्हारची थंड हवा आणि धबधबे यांमुळे ‘सेकंड होम’चा विचार करणाऱ्यांची नजर इकडे वळू लागली आहे. त्यांनी एवढे जाणून घ्यावे, की आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीनदेखील बिगर आदिवासीस सहज घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार त्यासाठी पूर्वमंजुरी लागते आणि तीविना झालेला व्यवहार टिकत नाही. वनहक्काने मिळालेल्या प्लॉटला तर मंजुरीचाही प्रश्न नाही. तो वारसाने मुलांकडे जातो, मात्र विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. आणि दावेदार विवाहित असल्यास त्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे लागतात. शहरातील किती प्लॉटच्या खरेदीखतांवर ती लागलेली असतात?