पेर लाशेझ
पेर लाशेझ : पॅरिसच्या पूर्व भागातील, विसाव्या प्रभागात मोडणारी दफनभूमी. क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर. शहराच्या हद्दीतील ही सर्वांत मोठी दफनभूमी २१ मे १८०४ रोजी सुरू झाली. दफन आणि दहन आजही येथे नित्य चालते. तरी येणाऱ्यांत शोक करणारे थोडे आणि पाहायला आलेले फार. अशा पाहुण्यांची संख्या वर्षाला तीस लाखांच्या वर सांगितली जाते. या टेकडीवर पूर्वी जेझुइट पंथीयांचे विश्रांतिगृह होते. चौदावा लुई ज्याच्यापुढे पापांची कबुली देई, तो धर्मगुरू फ्रांस्वा द ला शेझ तेथे राहत असे. त्याच्यावरून हे नाव पडले.

अठराव्या शतकात पॅरिसमधील चर्चांच्या आवारांत मृतांना जागा उरली नव्हती. मध्यवस्तीतील इनोसां दफनभूमीच्या मातीचा भार न पेलून १७८० मध्ये शेजारच्या घराच्या तळघराची भिंत कोसळली आणि ती दफनभूमी बंद करावी लागली. तेथील हाडे १७८६ पासून शहराखालच्या जुन्या दगडखाणींत हलवण्यात आली. पुढे नेपोलियनच्या राजवटीत १८०४ च्या हुकुमाने दफनभूमी वस्तीबाहेर नेण्यात आल्या आणि प्रत्येक मृताला स्वतंत्र खड्डा मिळू लागला. पेर लाशेझची जमीन सेन प्रांताचा प्रशासक निकोला फ्रोशो याने शहरासाठी विकत घेतली. आराखडा अलेक्सांद्र-तेओदोर ब्रोंन्यार या वास्तुविशारदाचा. त्याने उतार सपाट केला नाही. वळणावळणाच्या वाटा आणि झाडी राखून दफनभूमीला बागेचे रूप दिले.

बाग झाली, पण मृत येईनात. जागा तेव्हा शहराबाहेर होती, आणि आपल्या चर्चजवळची माती सोडून परक्या टेकडीवर पुरून घ्यायला लोक राजी नव्हते. पहिल्या वर्षात जेमतेम १३ दफने झाली. यावर अधिकाऱ्यांनी काढलेला उपाय शुद्ध व्यापारी होता. १८१७ मध्ये नाटककार मोलिएर आणि बोधकथाकार ला फोंतेन यांचे म्हणून जपलेले अवशेष येथे आणून पुरले. बाराव्या शतकातील प्रेमिक आबेलार आणि एलोईज यांनाही गॉथिक धर्तीच्या दगडी छत्रीखाली एकत्र आणले. ती हाडे खरोखर त्यांचीच का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण त्या काळच्या पॅरिसकरांना ती पडली नाही. थोरामोठ्यांचा शेजार मिळावा म्हणून श्रीमंत घराण्यांनी जागा घेतल्या आणि १८३० पर्यंत कबरींची संख्या ३३,००० वर गेली. कीर्तिवंतांच्या कबरी पाहायला जाण्याची जी रीत आज जगभर आहे, तिच्या मुळाशी भक्तीइतकीच ही जाहिरातही आहे, असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतील माउंट ऑबर्न (१८३१) या उद्यानवजा दफनभूमीपुढे पेर लाशेझचाच नमुना होता.

जागा दहा, तीस, पन्नास वर्षांच्या किंवा कायमच्या कराराने मिळते. कायमचा करारही वारसांनी देखभाल केली तरच टिकतो. उजाड झालेली कबर शहर रीतसर ताब्यात घेते, अवशेष अस्थिगृहात ठेवते आणि जागा पुन्हा देते. दोनशे वर्षांनंतरही येथे नव्या कबरी दिसतात त्या यामुळे.

येथील कित्येक थडग्यांचे आजचे रूप शिल्पकारांइतकेच पाहुण्यांनी घडवले आहे. याचा ठळक दाखला लेखक ऑस्कर वाइल्डचा. १९०० मध्ये निधन झाल्यावर त्याला पॅरिसलगतच्या बान्यो येथील साध्या कबरीत पुरले होते. अवशेष १९०९ मध्ये येथे आणले. वर जेकब एपस्टाइनने कोरलेली पंख पसरलेली भव्य आकृती आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस लिपस्टिक लावून या दगडाचे चुंबन घेण्याची प्रथा पडली. लिपस्टिकमधील स्निग्ध द्रव्य दगडात मुरे आणि ते काढताना दगड झिजे. शेवटी २०११ मध्ये भोवती काचेची भिंत उभी केली. चुंबने आता काचेवर उमटतात.

व्हिक्टर न्वार या पत्रकाराची कथा अधिक चमत्कारिक. १० जानेवारी १८७० रोजी बादशहा तिसऱ्या नेपोलियनचा नातलग पिएर बोनापार्त याने त्याला गोळी घातली. अंत्ययात्रेला लाखभर माणसे लोटली आणि राजवटीविरुद्धचा असंतोष उघड झाला. शिल्पकार ज्यूल दालूने त्याचा पडलेला देह, बाजूला घरंगळलेल्या टोपीसह, ब्राँझमध्ये हुबेहूब घडवला. हा हुबेहूबपणा विजारीच्या उभारापर्यंत गेल्यामुळे पुतळ्याला स्पर्श केल्यास अपत्यप्राप्ती होते, अशी समजूत पसरली. हिरवट पडलेल्या धातूवर तो भाग, ओठ आणि बुटांची टोके हातांच्या घर्षणाने चकाकतात. प्रजासत्ताकाचा हुतात्मा नवस बोलायच्या कामी आला.

बटाटा माणसाने खावा यासाठी आयुष्यभर खटपट करणाऱ्या पारमांतिएच्या थडग्यावर लोक बटाटे ठेवतात. मृतात्म्यांशी संवाद साधता येतो असे मानणाऱ्या पंथाचा प्रवर्तक आलां कार्देक याची कबर बारमाही फुलांनी झाकलेली असते. संगीतकार शोपँच्या कबरीवर तुटलेल्या वीणेपाशी शोक करणारी संगीतदेवता आहे. त्याचे हृदय मात्र वॉर्साच्या चर्चमध्ये आहे. गायक जिम मॉरिसन १९७१ मध्ये येथे पुरला गेला. त्याच्या चाहत्यांनी आसपासच्या थडग्यांवर लिहून इतका उच्छाद मांडला, की कबरीभोवती कठडे घालावे लागले. तिच्यावरचा अर्धपुतळा १९८८ मध्ये चोरीला गेला, तो २०२५ मध्ये सापडला. लेखक प्रूस्त, संगीतकार बिझे, अभिनेत्री सारा बर्नहार्ट आणि गायिका एदित पियाफ येथेच आहेत. बाल्झाकही. त्याची ‘पेर गोरिओ’ ही कादंबरी याच टेकडीवर संपते, आणि १८५० मध्ये त्याच्या दफनाच्या वेळी व्हिक्टर ह्यूगोने येथे भाषण केले.

आग्नेयेकडची भिंत हे राजकीय तीर्थस्थान आहे. पॅरिस कम्यून या बंडखोर नगरशासनाच्या अखेरच्या आठवड्यात कबरींच्या आडोशाने लढाई झाली आणि २८ मे १८७१ रोजी पकडलेल्या १४७ कम्यून सैनिकांना या भिंतीपाशी गोळ्या घालून खंदकात पुरले. १८८० पासून डाव्या पक्षांचे लोक दर वर्षी येथे मिरवणुकीने येतात. मार्क्सची कन्या लॉरा आणि तिचा पती पोल लाफार्ग यांची कबर जवळच आहे. कम्यून चिरडणाऱ्या सरकारचा प्रमुख आदोल्फ त्येर याचे अवाढव्य स्मारकही याच आवारात आहे. भिंतीच्या परिसरात पुढे आउश्विट्झ, बुखनवाल्ड, रावेन्सब्रुक आदी नाझी छळछावण्यांच्या बळींची स्मारके उभी राहिली. दफनभूमीच्या या कोपऱ्यात सहल करणाऱ्यांचा गलका सहसा नसतो.

दहनाला फ्रान्समध्ये कायदेशीर मान्यता मिळाल्यावर १८८९ मध्ये येथील दाहगृह सुरू झाले. त्याभोवतीच्या कमानींत रक्षापात्रांचे कोनाडे आहेत. नर्तकी इझाडोरा डंकन आणि लेखक रिचर्ड राइट यांचे तेथेच आहेत. गायिका मारिया कॅलासचा कोनाडा रिकामा आहे. तिची रक्षा एजियन समुद्रात विसर्जित झाली, तरी फुले येतच असतात.

भारतीयांच्या दृष्टीने दोन कबरी महत्त्वाच्या. अवधचे राज्य १८५६ मध्ये खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाहची आई मलिका किश्वर दाद मागायला लंडनला गेली. ती तेथे असतानाच १८५७ चा उठाव झाला आणि गाऱ्हाण्यात काही अर्थ उरला नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली आणि येथील मुसलमानांसाठी राखलेल्या भागात तिचे दफन झाले. दुसरी कबर टाटा घराण्याची. पॅरिसमध्ये १९०४ साली जन्मलेले जे. आर. डी. टाटा २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात निवर्तले. मुंबईच्या उद्योगजगतातील हा पारशी पुढारी पारशांच्या अंत्यविधीच्या डुंगरवाडीऐवजी येथील कौटुंबिक कबरीत आहे. दोन्ही ठिकाणी गर्दी नसते.

प्रवेश विनामूल्य आहे. वाटा चढाच्या आणि फरसबंद असल्याने गांबेता मेट्रो स्थानकाकडून आत शिरून खाली उतरत येणे सोयीचे. आवाराचे ९७ विभाग आहेत. कबरीचा विभाग-क्रमांक आधी काढून न ठेवल्यास नकाशा हातात असूनही माणूस भरकटतो. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, पॅरिसकर आपापल्या माणसांच्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायला येतात.