काचेवरचे सहा ठिपके

१/
‘कुरखेडा’ हे नाव मराठी ब्रेलमध्ये सात घरांत मावते. त्या सात घरांत मिळून वीस ठिपके आहेत. ब्रेल पाटीवर हे नाव लिहायचे तर कागद वीस वेळा टोचावा लागतो. सहा कळांच्या यंत्रावर सात ठोके पुरतात. आणि गुळगुळीत काचेच्या फोनवर? अंध व्यक्तीच्या लेखनाचा वेग ही आजची समस्या वाटते, पण तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
प्रथम त्या सात घरांची ओळख. ब्रेलचे एक घर म्हणजे सहा ठिपक्यांची उभी चौकट: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. आता मोजा.
क (१-३), उ (१-३-६), र (१-२-३-५), ख (४-६), ए (१-५), ड (१-२-४-६), आ (३-४-५).
मात्रेसाठी वेगळे चिन्ह नाही. ‘कु’ म्हणजे क आणि त्यापुढे उ. जसे कानाला ऐकू येते, तसे बोटाने लिहायचे.

३/
या लिपीचा उगम पॅरिसच्या अंधशाळेतला. शार्ल बार्बिए नावाच्या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याने काळोखात वाचता येईल अशी बारा ठिपक्यांची पद्धत रचली होती. ती त्या शाळेत आली, तेव्हा लुई ब्रेल तेथे शिकत होता. त्याला तिचा दोष बोटाने कळला: बारा ठिपक्यांचे चिन्ह बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावत नाही. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने ते सहावर आणले आणि १८२९ मध्ये पद्धत छापून प्रसिद्ध केली. वाचनाच्या वेगाचा प्रश्न बव्हंशी तेथेच सुटला.

४/
लेखनाचा मात्र सुटला नाही. पाटी आणि स्टायलस घेऊन लिहिणारा कागदाच्या मागच्या बाजूने ठिपके उठवतो. त्यामुळे त्याला उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटे लिहावे लागते. कागद पालटला की ते सुलट वाचता येते. शिवाय ठिपके एकेक करूनच उठतात. म्हणजे वाचताना ज्याला एक स्पर्श पुरतो, ते अक्षर लिहिताना दोन, तीन, चार वेळा टोचावे लागते. अंध विद्यार्थी वाचत वेगाने, पण लिहीत संथ. ही तफावत जवळजवळ सत्तर वर्षे टिकली.

५/
ती मोडली १८९२ मध्ये. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या जॅक्सनव्हिल येथील अंधशाळेचे अधीक्षक फ्रँक हॉल यांनी ब्रेल लिहिण्याचे यंत्र तयार केले. सहा ठिपक्यांसाठी सहा कळा आणि मध्ये जागा सोडण्याची पट्टी. पेटीवर स्वरसंगती वाजवताना जशा अनेक पट्ट्या एकत्र दाबतात, तशा अक्षराला लागणाऱ्या सर्व कळा एकदम दाबायच्या. ठिपके दोन असोत वा पाच, ठोका एकच. कल्पना एवढीच होती, पण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

६/
पुढे मॅसॅच्युसेट्समधील पर्किन्स अंधशाळेत डेव्हिड अब्राहम यांनी याच कल्पनेवर अधिक दणकट यंत्र घडवले. १९५१ पासून ते तयार होऊ लागले. ‘पर्किन्स ब्रेलर’ हे नाव आपल्याकडील अंधशाळांतही परिचित आहे. बोटे कळांवरून उचलायची नाहीत, कळ शोधायची नाही, जागा बदलायची नाही. हे तीन नियम लक्षात ठेवा. पुढे काचेने तिन्ही मोडले.

७/
त्याच १९५१ साली भारतातही एक मोठी गोष्ट घडली. तोवर देशात ब्रेलचा एकच सर्वमान्य संकेत नव्हता. डॉ. नीळकंठराय छत्रपती यांची लिपी, शाह ब्रेल, म्हैसूर ब्रेल असे अनेक संकेत होते. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईलच असे नव्हते. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली आणि देहरादूनला ब्रेल छापखाना उभा राहिला. मराठीचा ‘क’ आणि बंगालीचा ‘क’ बोटाखाली एकच झाला.

८/
महाराष्ट्रात अंधशिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी काढलेली शाळा पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली गेली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातून या शाळा फार दूर. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या आनंदवनात अंध विद्यालय निघाले, तेव्हा ब्रेल चंद्रपूर जिल्ह्यात आली. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. तोवर कुरखेडाही चंद्रपूर जिल्ह्यातच होते. तरी कुरखेड्याहून वरोरा सव्वाशे किलोमीटरहून लांब. सहा ठिपके शिकायचे तर मुलाला घर सोडून वसतिगृहात राहावे लागे.

९/
मग मोबाइल आला. कळांचा फोन अंध व्यक्तीला परका नव्हता. ‘५’ च्या कळीवर बारीक उंचवटा असे; त्यावरून बाकीच्या कळा कळत. बोलणारे सॉफ्टवेअर घातले की संदेश न पाहता लिहिता येई. २००७ मध्ये आयफोन आला आणि कळा गेल्या. उरली ती सपाट काच. तिच्यावर उंचवटा नाही, कड नाही, एक जागा दुसरीहून वेगळी लागत नाही. डोळसांना हा सुटसुटीतपणा वाटला. अंधांच्या हातून मात्र वाट काढण्याची खूणच गेली.

१०/
२००९ मध्ये दोन उत्तरे पुढे आली. पहिले ॲपलचे: त्या वर्षीच्या आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला. बोट काचेवर फिरवायचे. बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो. हवे ते अक्षर ऐकू आले की दोनदा टिचकी मारायची. काच बोलू लागली, ही क्रांतीच होती. पण वेग? ‘कुरखेडा’साठी सात वेळा शोध, सात वेळा ऐकणे, सात वेळा खात्री. देवनागरीत अक्षरे अधिक असल्यामुळे कळफलक दाट किंवा अनेक थरांचा, म्हणून शोध आणखी लांब.

११/
दुसरे उत्तर एका पुण्याच्या माणसाचे. टी. व्ही. रमण यांचा जन्म १९६५ चा, पुण्यातला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर कानाने वाचता येईल अशी प्रणाली. २००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले.

१२/
काचेच्या फोनवर क्रमांक लावण्यासाठी रमण आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी प्रश्नच उलटा केला. बोटाने कळ का शोधावी? बोट जेथे पडेल, तेथेच ‘५’ आहे असे फोनने मानावे. तेथून वर सरकले की २, डावीकडे वर सरकले की १, उजवीकडे खाली सरकले की ९. चूक झाली तर बोट उचलायचे आणि पुन्हा कोठेही टेकवायचे. कळांच्या फोनवरचा उंचवटा गेला होता; त्याची जागा आता बोटानेच घेतली. अँड्रॉइडचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडरही त्याच वर्षी याच कामातून पुढे आला.

१३/
क्रमांक झाले. मजकुराचे काय? येथे १८९२ ची कल्पना परतली. २०१२ च्या सुमारास दोन अमेरिकी विद्यापीठांत सहा ठिपक्यांची ठोक्यांची पद्धत काचेवर आणण्याचे प्रयोग झाले: वॉशिंग्टन विद्यापीठात ‘पर्किनपुट’ आणि जॉर्जिया टेकमध्ये ‘ब्रेलटच’. ब्रेलटचच्या चाचणीत ब्रेल यंत्र सरावाचे असलेले अंध लोक मिनिटाला ३२ शब्दांपर्यंत पोहोचले, अचूकता ९२ टक्के. २०१४ मध्ये आयओएस ८ सोबत ही सोय आयफोनमध्येच आली. २०२० च्या एप्रिलमध्ये अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये.

१४/
ती चालते कशी? फोन आडवा धरायचा, पडदा आपल्यापासून पलीकडे. तळहातांनी कडा पेलायच्या आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटे काचेवर ठेवायची: एका हाताकडे १, २, ३ आणि दुसऱ्याकडे ४, ५, ६. किंवा फोन टेबलावर ठेवून वरून लिहायचे. बोटे नेमकी कोठे आहेत हे फोन ओळखून घेतो. बोटांनी ठरावीक जागा शोधायची नाही. रमण यांचा विचार आणि हॉल यांचा ठोका येथे एकत्र आले. ‘कुरखेडा’ पुन्हा सात ठोक्यांवर आले.

१५/
मराठीच्या बाबतीत मात्र एक टप्पा उरतो. ब्रेलचे ठोके देवनागरीत उतरवणारा तक्ता फोनमध्ये हवा, आणि हे भाषांतर सरळ नाही. ‘चंद्रपूर’मधले ‘द्र’ घ्या. संगणकाच्या देवनागरीत द, मग हलंत, मग र. ब्रेलमध्ये हलंताचे चिन्ह (ठिपका ४) आधी, मग द, मग र. किंवा ‘मुंबई’: ब पुढे नुसती ई दिली तर ‘बी’ होईल, म्हणून मध्ये अ लिहावा लागतो. असे नियम सॉफ्टवेअरला कोणीतरी बसून शिकवावे लागतात.

१६/
हे काम मोठ्या प्रमाणात ‘लिबलुईस’ या मुक्त सॉफ्टवेअरने केले. लुई ब्रेलच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प २००२ मध्ये जॉन बॉयर यांनी सुरू केला. ते स्वतः अंध आणि बधिर होते. त्यात मराठीचाही तक्ता आहे. पण जगातल्या एखाद्या संग्रहात तक्ता असणे आणि हातातल्या स्वस्त फोनच्या यादीत मराठी ब्रेल दिसणे या वेगळ्या गोष्टी. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याआधी विचारायचा प्रश्न हा: ब्रेल कळफलकाच्या भाषांत मराठी आहे का?

१७/
येथे रास्त आक्षेप येतो: आता बोलून लिहिता येते, मग ठिपक्यांचा खटाटोप कशाला? बोलून लिहिणे उपयोगी आहेच. पण बँकेचा पासवर्ड एसटीच्या गर्दीत मोठ्याने सांगता येत नाही. घरातल्या माणसाविषयीची तक्रार त्याच्याच समोर बोलून लिहिता येत नाही. ऐकून लिहिणारे यंत्र मुख्यतः प्रमाण मराठीवर घडलेले. झाडीबोलीतला शब्द किंवा गोंडी नाव ते अनेकदा आपल्या ओळखीच्या शब्दात बदलून टाकते. आणि जंगलपट्ट्यात रेंज जाते, तेव्हा इंटरनेटवर विसंबलेली सोयही जाते. सहा बोटांना रेंज लागत नाही.

१८/
दुसरी बाजूही तितकीच खरी. वेगाची ही वाट ज्याला ब्रेल येते त्यालाच खुली आहे. ज्यांची दृष्टी प्रौढपणी गेली, त्यांच्यापैकी अनेकांनी ब्रेल कधी शिकलेलीच नसते. त्यांच्यासाठी बोलून लिहिणे किंवा बोट फिरवून अक्षर शोधणे हेच मार्ग. ‘फोन बोलतो, मग ब्रेल कशाला’ असे म्हणून शाळेतल्या मुलालाही ती शिकवली नाही, तर तोही त्याच संथ रांगेत उभा राहील. ऐकून मजकूर समजतो. पण ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, विरामचिन्ह बोटाखाली आल्याशिवाय पक्के होत नाही.

१९/
इतिहासाकडे पाहिले तर प्रत्येक नव्या यंत्राने अंध लेखकाला आधी मागे ढकलले आणि त्याने जुनेच सूत्र वापरून अंतर भरून काढले. सूत्र असे: बोटाला जागा शोधायला लावू नका, आणि एका अक्षराला एकच ठोका द्या. ते ओळखणाऱ्यांत लुई ब्रेल, रमण, बॉयर हे स्वतः अंध होते. दोष कोठे आहे हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

२०/
कुरखेड्याच्या एखाद्या अंध मुलीसाठी आज या साखळीत तीन कड्या लागतात: ब्रेल शिकवणारा शिक्षक, मराठीचा तक्ता असलेला फोन, आणि ती सोय सेटिंग्जमध्ये चालू करून देणारे कोणीतरी. पहिली कडी सर्वांत महाग आणि सर्वांत जुनी. तिसरीला फक्त थोडा वेळ लागतो. आपल्या ओळखीत ब्रेल जाणणारी व्यक्ती असेल, तर ‘सुलभता’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ब्रेल कळफलक आहे का, हे आज तिच्यासोबत बसून पाहा. थ्रेड समाप्त.