नागपूर करार आणि प्रादेशिक ऐक्य

समान भाषा हा प्रादेशिक ऐक्याचा पाया होय. तथापि तेवढ्याने ऐक्य सिद्ध होत नाही, हे नागपूर कराराच्या इतिहासावरून स्पष्ट होते. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथील नेत्यांनी हा करार केला. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तिन्ही प्रदेशांची भाषा मराठीच; तरीही निधी, उच्च शिक्षण व शासकीय सेवा यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष, ही वचने लेखी घ्यावी लागली. १९५६ मध्ये संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदात विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळे मात्र १९९४ मध्ये स्थापन झाली, आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

आग्नेय आशियातील स्थिती याच्या उलट होती. ८ ऑगस्ट १९६७ रोजी इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स, सिंगापूर व थायलंड यांनी बँकॉक येथे 'आसियान' ही संघटना स्थापिली. या राष्ट्रांच्या भाषा व धर्म भिन्न. शिवाय इंडोनेशिया व मलेशिया यांचा संघर्ष १९६६ मध्येच मिटलेला. म्हणून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत तेथे पडली. तिची सनद मात्र २००८ मध्ये अंमलात आली.

दोन्हीकडे वचन आणि यंत्रणा यांत सुमारे चार दशकांचे अंतर पडले. भाषा माणसांना एकत्र आणते. न्याय्य वाटपाची हमी मात्र संस्थाच देऊ शकतात. मराठवाड्याच्या अनुशेषाचा प्रश्न म्हणूनच भाषिक नसून संस्थात्मक ठरतो.