मनाचे दफ्तर

भिवंडी तालुक्यातील कोन हे गाव दुर्गाडी किल्ल्यापलीकडे, खाडीच्या दुसऱ्या तीरावर वसलेले असल्यामुळे त्याचा मोठा बाजार, दवाखाने आणि आगगाडी ही बहुतांशी कल्याणचीच. आणि घरातील कोणाचे चित्त भ्रमले, देवऋषी, अंगारेधुपारे व नवससायास थकले, म्हणजे खाडी ओलांडून कल्याण गाठावे व तेथून १८५४ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गाने ठाण्यास जावे, हाच या पंचक्रोशीचा जवळचा रस्ता. ठाण्यास १९०१ मध्ये शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले आणि थोड्याच काळात त्या शहराच्या नावाला एक निराळाच अर्थ चिकटला. ‘अमक्याला ठाण्याला नेला’ एवढे चावडीवर कोणी म्हटले की रोग कोणता हे विचारण्याचे कारण उरत नसे. डॉक्टराने ओठ शिवून घेतले असते तरी काय होणार होते? गुपित रस्त्यानेच फोडलेले असे.

या इस्पितळात माणूस केवळ आजारी म्हणून दाखल होत नसे, तो हुकुमाने दाखल होई. १८५८ च्या कायद्याने जी व्यवस्था घातली तिला १९१२ च्या भारतीय वेडेपणाच्या कायद्याने पक्के रूप दिले: नवरा, बायको किंवा अन्य आप्ताने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, अर्जासोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडावेत, आणि मॅजिस्ट्रेटाची खात्री पटल्यावर त्याने दाखल करण्याचा हुकूम द्यावा. याच कायद्यात, असा अर्ज खासगीत, मोजक्या माणसांसमोर ऐकावा, असे कलम होते, आणि त्या काळचे सरकार ध्यानात घेता ही सुजाणता लहान नव्हे. पण ती अर्जदार असलेल्यांच्या वाट्याची. ज्याच्यामागे अर्ज करायला कोणी नाही, जो बाजारात वा फलाटावर भटकताना आढळला, त्याला पकडण्याचा अधिकार पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला होता. त्याची मिरवणूक भर दिवसा, शिपायाच्या पहाऱ्यात, साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत निघे. एकाच कायद्याने कुटुंब असलेल्या रुग्णाला पडदा दिला आणि निराधाराला चव्हाट्यावर उभे केले.

आणि तो पडदा तरी रुग्णाचा होता काय? मला वाटते, नव्हता. तो घराचा होता. बहिणीचे लग्न जमायचे आहे, जमिनीचा वाद कचेरीत चालू आहे, सोयरे विचारतील, म्हणून माणूसच दृष्टिआड ठेवायचा, या लपवालपवीला गुप्ततेचे नाव देणे अन्यायाचे होईल. तथापि घराच्या भीतीला आधार होता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने वकिलाला अशिलाचे बोलणे उघड करण्यापासून संरक्षण दिले, डॉक्टराला दिले नाही. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकृती हे घटस्फोटाचे एक कारण ठरल्यावर इस्पितळाचे कागद कोर्टात रुजू होऊ शकत होते. बायकांच्या बाबतीत त्या कागदांनी केवढा अनर्थ केला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मुंबईत १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग निघाला आणि इतर रोग्यांच्या गर्दीत मिसळून केसपेपर काढता येऊ लागला. पुढे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच मानसिक आरोग्य संस्था स्थापन केली, तेव्हा त्याच शहरात माणसे आपल्या पायांनी मन मोकळे करायला येऊ लागली. कायदा मात्र सावकाश चालला. १९८७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात एक तरतूद आली, जी मला त्या साऱ्या कायद्याहून मोलाची वाटते: उपचार घेणाऱ्याने लिहिलेली वा त्याला आलेली पत्रे अडवू, दडपू वा नष्ट करू नयेत. भिंतीआडच्या माणसालाही खासगी असे काही असते, हे कायद्याच्या भाषेत तेव्हा उतरले.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या तेविसाव्या कलमाने गुप्ततेचा हक्क प्रथमच निःसंदिग्धपणे खुद्द रुग्णाच्या नावावर मांडला आणि उपचार करणाऱ्यावर ती राखण्याचे कर्तव्य घातले. चोविसाव्याने त्याच्या संमतीवाचून छायाचित्र वा माहिती वृत्तपत्रांना देण्यास मनाई केली. कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा हुकूम असेल, अशा अपवादांत तोंड उघडता येते, तेही कामापुरतेच. रुग्णाच्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही आता सज्ञान रुग्णाला स्वतः नेमता येतो. त्याने कोणाला नेमले नसेल, तरच ते पद नातेवाइकाकडे जाऊ शकते.

कोनसारख्या गावात, जेथे गोदामावर कामाला जाणारा, दुकानदार आणि शिक्षक एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात, तेथे गुप्ततेच्या या कलमाचा कस लागतो. जाणता समुपदेशक दोन भेटींच्या वेळा एकमेकींना भिडू देत नाही, म्हणजे पायरीवर शेजारी शेजाऱ्याला भेटत नाही. बाहेरच्या वहीत नाव नसते, क्रमांक असतो, आणि टिपणे कुलपात असतात. बाजारात त्याच्याकडे येणारी एखादी बाई समोर आली तर तिने आधी ओळख दिल्याशिवाय तो नमस्कारसुद्धा करीत नाही. ही शिस्त बाहेरच्यांसाठी. खरी अडचण येते ती फी भरणाऱ्या, काळजीने पोखरलेल्या घरच्यांची, कारण त्यांचे प्रेम खोटे नसते. ‘डॉक्टर, आमची पोर आत काय बोलली, तेवढे सांगा,’ असे सासऱ्याने हात जोडून विचारले, तर ‘तिची परवानगी असेल तेवढेच सांगेन, दादा, बाकीचे तिलाच विचारा,’ हे उत्तर सौम्यपणे पण न डगमगता द्यावे लागते, आणि ते देताना पाठीशी कायदा असला तरी समोरचा माणूस उद्या पुन्हा त्याच रस्त्यावर भेटणार असतो.